पाणीवाल्यांचं घरचं पान

गावात पाणी सोडणारा माणूस गेला आणि त्यानंतर दोन वर्षांनी त्याच्या बायकोचा जळफळाट सुरू झाला. नवरा जिवंत असताना बायकोनं जळावं, हे एकवेळ समजू शकतं. तो गेल्यावर, तेही वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले असताना, अख्ख्या गावावर एकदम जळायला लागायचं म्हणजे कमालच म्हणायची. पण काकूंचं तसं झालं खरं. आणि त्याला कारण झाली वाचनालयातली बाई.

ही बाई लग्न होऊन गावात आलेली, तिशी उलटलेली, आणि स्वस्थ बसणं हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता. वाचनालयात पुस्तकांची कपाटं चार आणि वाचणारी माणसं सात. तेव्हा तिनं ठरवलं, की गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हकिगती गोळा करायच्या आणि त्यांचंच एक पुस्तक करायचं. जी आहेत त्यांनी आपलं आपण सांगायचं, जी गेली त्यांच्याबद्दल ओळखीच्यांनी सांगायचं. माणशी दोन पानं. गिरणीवाल्याची दोन पानं झाली. जुन्या मास्तरांनी पाच मागितली आणि भांडून तीन मिळवली. सुईणीनं सांगितलं, माझ्याबद्दल काही लिहू नका, फक्त निम्मं गाव माझ्या हातावर जन्मलं एवढं लिहा. सगळं सुरळीत चाललं होतं. मग पाणीवाल्या काकांची पाळी आली, आणि सांगणाऱ्यांची रांग काही संपेना.

"काकू, एकवीस माणसं आली," खुर्ची ओढून बसत बाई म्हणाली. "इतकी कोणासाठीच आली नाहीत. किती बोलायचे हो काका."

काकूंना वाटलं, बाई घर चुकली.

"कोण बोलायचं?"

"काका. गिरणीवाले म्हणाले, काका पायरीवर येऊन बसले की मी गिरणी बंद करायचो, नाहीतर आवाजात एखादं वाक्य निसटायचं. मास्तरांच्या सूनबाई म्हणाल्या, काका येऊन गेले की घरातलं भांडण मिटलेलं असायचं. हसून हसून कोणाला भांडताच यायचं नाही म्हणे."

"असं सांगायचे तरी काय?"

"तीच तर पंचाईत आहे. प्रत्येक जण म्हणतो, आम्हाला तसं जमत नाही, ते काकांच्या तोंडूनच ऐकायला हवं होतं. मी सगळ्यांपुढे हात टेकले. आता घरचं पान तेवढं राहिलंय. घरात काका कसे होते, ते तुम्ही सांगायचं. तुमच्याकडे तर खजिनाच असेल."

कोपऱ्यात भाजी निवडत बसलेल्या सुनेनं मान वर केली. "सांगा ना आई. एरवी तुम्ही सुरू झालात की आम्हाला जेवायला बोलवावं लागतं."

सून बोलली ते खोटं नव्हतं. काकूंच्या जिभेला हाड नाही, हे त्यांच्या माहेरी माहीत होतं, सासरी माहीत होतं आणि एका बाजूला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांनाही माहीत होतं. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडाला जी खीळ बसली, ती बसलीच. "आठ दिवसांनी ये," एवढंच त्या म्हणाल्या. बाई गेल्यावर त्या चहाचा कप तीनदा धुवून मोकळ्या झाल्या.

सांगणार काय? चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि त्यात नवऱ्याची म्हणून आठवतील अशी वाक्यं हाताच्या बोटांवर. भाजीत मीठ नसलं तरी हा माणूस बोलायचा नाही, गपचूप उठून मीठ घ्यायचा. मुलगा पहिला आला तेव्हा "बरं झालं" म्हणाला. मुलगा नापास झाला तेव्हा "असू दे" म्हणाला. काकू मात्र सकाळी उठल्यापासून बोलत. दूध उतू गेलं त्यावर, शेजाऱ्यावर, सासूवर, सासूच्या माहेरावर. नवरा खाली मान घालून बुटाच्या नाड्या बांधत बसे. नाड्या बांधायला माणसाला इतका वेळ कसा लागतो, हे काकूंना कधी कळलं नव्हतं. मग एकाएकी तो उठे, पाणी सोडायची लोखंडी चावी खांद्यावर टाके आणि चालू लागे. बोलणं मध्येच तोडून. "मी काय भिंतीशी बोलते का?" हा प्रश्न काकूंनी आयुष्यात किती वेळा विचारला असेल त्याला गणती नाही, आणि भिंतीनं एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

आणि आता हे एकवीस जण.

एकवीस जणांना तो माणूस मिळाला होता. हसरा, बोलका, भांडणं मिटवणारा. काकूंच्या वाट्याला आले ते मळलेले बूट आणि ओले मोजे. गिरणीवाल्याच्या पायरीवर बसून हा माणूस हसत होता, आणि घरी त्याचे दात काकूंना दिसायचे ते चूळ भरताना. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकीच्या बायका नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणावर रडतात. आपल्या नवऱ्यानं बाहेर काय उधळलं, तर शब्द. आणि तेही गिरणीवाल्यावर. सून विचारायला आली, "आई, डाळ घालू का?" तर त्या म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना विचार, त्यांना फार बोलता येतं." सून परत गेली.

पण एकवीस जणांवर जळून जळून माणूस दमतो. जळायला एकच माणूस असलेला बरा. काकूंना तो शोधावा लागला नाही, तो सव्वीस वर्षांपासून तयार होता.

इथे काकांचं काम समजून घ्यायला हवं. गावाच्या वरच्या अंगाला टाकी. तिच्यातून खाली सहा गल्ल्यांना पाणी. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जमिनीत एक व्हॉल्व्ह आणि त्यावर झाकण. सहाही गल्ल्यांना एकदम सोडलं तर कोणालाच धड मिळत नाही, म्हणून एकेक गल्ली. कमरेएवढी चावी खड्ड्यात उतरवायची, वरचा आडवा दांडा दोन्ही हातांनी फिरवायचा, पाणी सुटल्याची घरघर ऐकू आली की घड्याळ बघायचं आणि अर्धा तास तिथेच थांबायचं. मग बंद करून पुढच्या गल्लीत. एकतीस वर्षं हेच. चावी फिरवायला लागतं एक मिनिट, बाकी सगळं काम थांबण्याचं. आणि थांबणारा माणूस काही अर्धा तास खांबासारखा उभा राहत नाही. तो कोणाच्या तरी पायरीवर बसतो, मग आतून कोणीतरी चहा घेऊन येतं.

चौथ्या गल्लीचा व्हॉल्व्ह बरोबर शिंपीणबाईंच्या पायरीला लागून होता. शिंपीणबाई म्हणजे पस्तिसाव्या वर्षी नवरा गेलेली, पुढच्या खोलीत मशीन टाकून बसणारी, नीटनेटकी, मऊ आवाजाची बाई. आणि चौथ्या गल्लीला पाणी अर्धा तास नाही, पाऊण तास यायचं. कधी कधी पन्नास मिनिटं. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. काकूंची गल्ली सहावी. तिची पाळी येईपर्यंत टाकी तळाला गेलेली असायची आणि नळाला करंगळीएवढी धार. "पाणीवाल्यांच्याच घरी पाणी नाही का हो?" असं शेजारीण हसत विचारायची, आणि काकू कळशी आपटायच्या. चौथ्या गल्लीतली ती जास्तीची वीस मिनिटं कुठे जातात, याचा हिशोब त्यांनी मनाशी केव्हाच केला होता. तेव्हापासून त्यांनी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. कपडे शिवायला त्या बसनं दुसऱ्या गावी जात. तिथला शिंपी बाह्या तोकड्या शिवायचा, पण काकूंनी सव्वीस वर्षं तोकड्या बाह्या घातल्या.

नवऱ्याला त्यांनी एकदाच विचारलं होतं, चौथ्या गल्लीत एवढा वेळ का लागतो म्हणून. तो म्हणाला होता, "व्हॉल्व्ह जड आहे."

तर असा सगळा मामला. पुस्तकात पाणीवाल्यांचं घरचं पान कोरं राहणार आणि गाव वाचणार, की बायकोकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. ते पान आपल्याऐवजी कोणाला भरता येईल, हेही काकूंना चांगलं ठाऊक होतं. ते सहन होण्यासारखं नव्हतं. आपल्याला जे मिळालं नाही ते नेमकं काय होतं, एवढं तरी कळायला हवं. पाचव्या दिवशी त्यांनी चांगल्या शिवलेल्या तीन अभ्र्यांच्या शिवणी कात्रीनं उसवल्या, त्यांची घडी पिशवीत घातली आणि गुडघे चोळत त्या चौथ्या गल्लीकडे निघाल्या.

शिंपीणबाईंची खोली लहान होती. खिडकीशी मशीन, भिंतीला खिळ्यांवर दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावलेली, टेबलावर खडू आणि कात्री. गळ्यात टेप. चष्म्याच्या काचा जाड, डोळे काचेमागे मोठे आणि ओलसर. काकूंनी पटकन बघून घेतलं, की म्हातारपणी ती आपल्यापेक्षा बरी दिसते का. दिसत होती. त्याचाही राग आला.

"जरा काम होतं," काकू म्हणाल्या.

"या," शिंपीणबाई म्हणाल्या. आवाजावरून ओळखलं त्यांनी. "सव्वीस वर्षांनी आलात."

म्हणजे हिनंही मोजली होती तर. काकूंनी अभ्रे पुढे केले. "उशीचे आहेत. उसवलेत."

शिंपीणबाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं. "आपोआप नाही उसवलेले. कात्रीनं उसवलेत कोणीतरी," त्या शांतपणे म्हणाल्या. "बसा. चहा टाकते."

"चहा नको. आमचे हे इथे बसायचे, तेव्हा काय बोलायचे, तेवढं सांगा. मी निघते."

मशीनच्या चाकावर हात ठेवून शिंपीणबाई बसल्या होत्या, आणि चाक मागेपुढे, मागेपुढे हलवत होत्या.

"वाचनालयातली बाई मलाही विचारायला आली होती," त्या म्हणाल्या. "मी काही सांगितलं नाही. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"ते पुस्तक तुम्ही वाचणार, तुमची सून वाचणार, उद्या नातवंडं वाचतील. बरं दिसलं नसतं. पण आता विचारताच आहात, आणि आपल्या दोघींचीही निघायची वेळ झालीय, म्हणून सांगते. मनाला लावून घेऊ नका. काकांची एक बाई होती."

काकूंनी खुर्चीचा हात धरला. सव्वीस वर्षं ज्या बाईवर संशय घेतला, ती बाई समोर बसून तिसऱ्याच बाईची गोष्ट सांगत होती. आता भांडायचं तरी कोणाशी? क्षणभर त्यांना शिंपीणबाईंबद्दल वाईटसुद्धा वाटलं, की हिलाही फसवलं वाटतं.

"कोण?"

"नाव कधी घेतलं नाही. 'आमच्या ओळखीची एक बाई आहे' अशी सुरुवात करायचे. रोज तिचंच. काल ती काय म्हणाली, आज ती काय म्हणाली. मला वाटतं पंपाजवळच्या वस्तीवरची असावी. महिन्यातून दोनदा जायचे ना तिकडे, मोटर बघायला? मी खूप खोदून विचारलं. नुसते हसायचे. एकदा मी चिडले. म्हटलं, घरी बायको आहे ना तुमची? तर म्हणाले, आहे की. आणि परत हसायला लागले."

"हसायचे?"

"डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या बाईचं सांगताना मध्येच इतके हसायचे, की पुढचं सांगताच यायचं नाही. टोपी काढून तोंडावर धरायचे. मग मी हसायचे, मग ते आणखी. तिकडे पाणी चालूच. घड्याळाकडे लक्ष कोणाचं?" शिंपीणबाईंनी चष्मा वर सरकवला. "खरं सांगते, त्या बाईवर मी फार जळायचे. माझा माणूस होता तोवर माझ्या बोलण्याला कधी असा हसला नव्हता. मी म्हणायचे, काय हुशार असेल ती, बघायला तरी मिळावी एकदा. आणि तुमची मात्र कीव यायची."

कीव. हा शब्द काकूंना कानाखाली बसल्यासारखा लागला. त्या इथे जळायला आल्या होत्या, कीव करून घ्यायला नाही.

"एवढं काय बोलायची ती भवानी?" त्यांनी विचारलं.

शिंपीणबाई उठल्या. कपाटातून त्यांनी मापांची एक जुनी वही काढली. पुढच्या पानांवर छाती, कंबर, उंची, आणि वही उलटी करून मागच्या पानांवर पेन्सिलीनं ओळीच ओळी. "माझ्या लक्षात राहायचं नाही, म्हणून मी लिहून ठेवायचे. गिऱ्हाइकांना सांगायला. आता मला एवढं बारीक दिसत नाही. तुम्हीच वाचा, म्हणजे कळेल तुम्हाला."

काकूंनी वही डोळ्यांपासून लांब धरली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"ती बाई म्हणते, आमच्याकडे एक पाहुणे येतात. ते यायची वेळ घड्याळात बघतात आणि जायची वेळ कॅलेंडरात."

शिंपीणबाई हसल्या. काकू हसल्या नाहीत. हे त्यांनी म्हटलं होतं. मोठ्या नणंदेच्या यजमानांबद्दल. ओट्याशी उभं राहून, चिरलेला कांदा हातात घेऊन. नवरा नाड्या बांधत होता.

त्यांनी पुढची ओळ वाचली. "ती बाई म्हणते, सासूबाई माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात, पण ताट इतकं स्वच्छ करून उठतात, की मी ते घासू कशाला?"

हेही. पुढचंही. पुढच्याच्या पुढचंही. शेजारणीच्या उसनं मागण्यावरचं, गळक्या छपरावरचं, मुलाच्या गणिताच्या मास्तरांवरचं. पानामागून पान. आपलं स्वयंपाकघर कोणीतरी उचलून मापांच्या वहीत ठेवलं होतं. काकूंचा आवाज वाचता वाचता बारीक होत गेला. आणि मग एक ओळ आली तशा त्या एकदम थांबल्या.

"हे चुकलंय," त्या म्हणाल्या.

"काय चुकलंय?"

"इथे लिहिलंय, पाणी समितीचे अध्यक्ष 'पाणी जपून वापरा' म्हणून दोन तास बोलले आणि तेवढ्यात स्वतः दहा ग्लास पाणी प्यायले. दहा नाही, चार. चार म्हटलं की माणसाला खरं वाटतं, मग हसू येतं. दहा म्हटलं की सगळं ओमफस. दहा कोणी केले, तुम्ही की त्यांनी?"

"त्यांनीच सांगितले दहा. पण तुम्हाला काय ठाऊक चार का दहा ते?"

"मला नाही ठाऊक तर कोणाला? मीच म्हटलं होतं चार."

शिंपीणबाईंनी काकूंच्या हातावर हात ठेवला. फार मऊपणे ठेवला. "काकू, तुम्हाला लागलंय, कळतं मला. पण असं आपल्या अंगावर ओढून घेऊ नका. जनाची लाज म्हणून तुम्ही असं म्हणणार, मी समजू शकते. पण घरच्या बायकोच्या बोलण्याला कोणी इतकं हसतं का?"

यावर काय पुरावा द्यायचा? त्या बोलायच्या तेव्हा ऐकायला होते नवरा आणि सासूबाई, आणि दोघंही गेले. सगळा माल आपला, आणि आपल्यालाच कोणी ओळखत नाही. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. हात सोडवून घेत त्या म्हणाल्या, "तीस वर्षं ऐकलंत मला, आणि चहा पाजलात त्यांना. चहाच्या बाबतीत फसलात हो तुम्ही."

शिंपीणबाई हसल्या. आधी नुसत्या ओठांत, मग खांदे हलायला लागले, मग टेप गळ्यातून खाली पडला. हसता हसता त्या मध्येच गप्प झाल्या. चष्मा काढून त्यांनी काकूंच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला, जवळ येऊन, अगदी हातभर अंतरावरून.

"तुम्हीच," त्या म्हणाल्या. "तीच बाई. मला काय काय वाटत होतं, आणि ती सहाव्या गल्लीत."

मग त्यांनी वही परत काकूंच्या हातात दिली. "शेवटच्या पानावरचं वाचा. ते त्यांचं सगळ्यात आवडतं. महिन्या-दोन महिन्यांनी परत सांगायचे."

काकूंनी वाचलं. या वेळी मनातल्या मनात. ती बाई नवऱ्याला म्हणते, या घरात मुकी दोन, एक दार आणि एक तुम्ही, दार निदान करकरतं तरी.

"मी विचारायचे," शिंपीणबाई म्हणाल्या, "की मग नवरा काय म्हणाला? तर काका म्हणायचे, काही नाही. त्यानं उठून दाराला तेल घातलं. आणि टोपी तोंडावर."

तेल घातलं होतं, हे काकूंना आठवत होतं. त्या दिवशी त्यांना वाटलं होतं, या माणसाला बोललेलं लागतसुद्धा नाही.

परतताना त्यांना अभ्र्यांची आठवण राहिली नाही. गुडघ्यांचीही राहिली नाही. त्या रस्त्यानं एकेक व्हॉल्व्हचं झाकण बघत चालल्या होत्या. हसला का नाही हा माणूस घरी? विचार करता करता त्यांनाच कारण सापडलं. पहिली एकोणीस वर्षं सासूबाई स्वयंपाकघरातच बसून असायच्या, दाराजवळच्या पाटावर. सुनेच्या बोलण्याला मुलगा हसला असता, तर त्या घरात पंधरा दिवस अबोला चालला असता. म्हणून तो मान खाली घालून नाड्या बांधायचा, आणि हसू आवरेना की चावी उचलून पळायचा. पहिल्या गल्लीत सांगायचा, दुसरीत जरा सजवायचा, तिसरीत मुरवायचा, आणि चौथीत घड्याळ विसरायचा. पुढे सासूबाई गेल्या, पण तोवर घरी गप्प बसायची सवय हाडात गेली होती. म्हणजे चौथ्या गल्लीची ती वीस मिनिटं काकूंच्याच बोलण्यावर गेली, आणि टाकी रिकामी झाली तीही त्यांच्याच बोलण्यानं. आपल्याच जिभेनं आपला नळ आटवला. हे सुचलं तेव्हा काकूंना रस्त्यातच हसू फुटलं, आणि हे आता सांगायचं कोणाला, असं वाटून ते लगेच विरलं.

कारण सापडलं म्हणून राग गेला असं नाही. उलट आता तो जास्त टोचत होता. गिरणीवाल्यावर जळणं सोपं होतं. आता त्या जळत होत्या त्या 'एका बाई'वर. तिचं बोलणं त्यानं गावभर मिरवलं, तिच्या हुशारीवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आणि घरातल्या बाईला वाटत राहिलं, आपण भिंतीशी बोलतोय. एकदा, फक्त एकदा मान वर करून हसला असता तर काय बिघडलं असतं? सासूबाईंचा अबोला काकूंनी सोसला असता. आनंदानं सोसला असता.

आठव्या दिवशी वाचनालयातली बाई आली, वही उघडून बसली. सून मुद्दाम भाजी घेऊन जवळच बसली.

"लिही," काकू म्हणाल्या. "घरी हे बोलत नसत."

बाईनं लिहिलं आणि जरा निराश होऊन वर बघितलं.

"ऐकत असत. एकही शब्द खाली पडू देत नसत. हे मला त्यांच्या माघारी कळलं."

सुनेनं भाजी बाजूला ठेवली.

"आणि गावाला जे सांगून हसवायचे, ते माझं होतं. सगळं. शिंपीणबाईंच्या वहीत आहे, जाऊन बघ. अध्यक्षांचे ग्लास मात्र चार लिही. दहा नको."

बाई भराभर लिहीत होती. तिचं पान भरलं, तिनं दुसरं घेतलं. तिचा चेहरा खुलला होता. लिहिता लिहिता, वर न बघताच तिनं विचारलं, "सगळे म्हणतात काकांचं हसणं बघण्यासारखं होतं. कसे हसायचे हो ते?"

काकूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सून त्यांच्याकडे बघत होती.

"ते शिंपीणबाईंना विचार," काकू म्हणाल्या. "मी कधी पाहिलं नाही."